गाठीची वंशावळ

कुंदा आसुटकर यांच्या डाव्या स्तनातली गाठ कॅन्सरची नाही, हे कळायला अकरा दिवस लागले. ती मुळात कोणाची आहे, हे कळायला आणखी तीन.

२०४१ सालचा मार्च संपत आला होता. चंद्रपुरात पारा आत्ताच चव्वेचाळीसला टेकला होता आणि सकाळी दहानंतर रस्त्यावर माणूस दिसत नव्हता. कुंदाबाई त्रेसष्ट वर्षांच्या, जिल्हा परिषदेच्या शाळेत तीस वर्षं शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांचे यजमान मनोहरराव वीज केंद्रातून फोरमन म्हणून रिटायर झालेले. एकुलती मुलगी स्वरूपा नागपूरला नोकरीला. गाठ हाताला लागली ती आंघोळ करताना. बोराएवढी, कातडीच्या अगदी खाली, दाबली तरी न दुखणारी. दोन आठवडे त्यांनी कोणालाच सांगितलं नाही. मग एकदा फोनवर, भाजीचा विषय निघावा तसा तो विषय काढला, आणि दुसऱ्या दिवशी स्वरूपा दारात हजर झाली.

एका खासगी सेंटरमध्ये सुई टोचून तुकडा घेतला. तिथल्या संगणकाने काचपट्टी पाहून चार सेकंदांत निकाल दिला: दूधनलिकेचा कॅन्सर, खात्री एक्क्याण्णव टक्के. सर्जनने तारीखही देऊन टाकली. आधी स्तन काढायचा, मग केमोथेरपी.

नियमाप्रमाणे ती काचपट्टी दुसऱ्या मतासाठी सरकारी रुग्णालयाच्या पॅथॉलॉजी विभागात गेली आणि डॉ. हेमांगी ताकसांडेच्या सूक्ष्मदर्शकाखाली आली. हेमांगी चौथीत कुंदाबाईंच्या वर्गात होती. पण कागदावरचं नाव तिने नंतर वाचलं. आधी तिला पेशी खटकल्या. भिजलेल्या साबुदाण्यासारख्या त्या आतून स्वच्छ होत्या. कॅन्सरच्या पेशीही कधीकधी अशा दिसतात. पण या शिस्तीत बसल्या होत्या, एकमेकींना ढकलत नव्हत्या. तिने नाव वाचलं आणि फोन लावला.

दुसऱ्या दिवशी कुंदाबाई तिच्यासमोर बसल्या होत्या. सोबत स्वरूपा आणि मनोहरराव.

"बाई, मला वाटतं ही दुधाच्या नळीची गाठ नाही," हेमांगी म्हणाली. "घामाच्या ग्रंथीची असावी."

"घामाची? छातीत?"

"स्तन म्हणजे मुळात घामाचीच ग्रंथी, बाई. सस्तन प्राणी घडताना तिचं काम बदललं, घामाच्या जागी दूध आलं. पोटातल्या बाळामध्ये दोन्ही ग्रंथी एकाच कातडीतून आत उतरतात. म्हणून घामाच्या ग्रंथीची गाठ स्तनात उगवली की ती हुबेहूब स्तनाच्या कॅन्सरसारखी दिसते. सूक्ष्मदर्शकाखाली भलेभले फसतात. आणि अशी गाठ इतकी दुर्मीळ, की कोणाच्या मनातच येत नाही."

"फरक काय पडतो?" स्वरूपाने विचारलं.

"फरक एवढाच, की ही साधी असली तर तेवढीच काढायची आणि घरी जायचं. कॅन्सर समजून पूर्ण स्तन काढला, केमो दिली, तर ते सगळं विनाकारण."

खात्री करायला भाट होता. त्या यंत्राचं खरं नाव लांबलचक होतं, पण विभागात सगळे त्याला भाटच म्हणत, कारण ते वंशावळ सांगत असे. पेशींची वंशावळ. हेमांगीने ते समजावलं तेव्हा ती पुन्हा चौथीतली वाटली.

"तुम्ही कॉपी कशी पकडायचात, बाई?"

"चुकांवरून. बरोबर उत्तर दोघांचं सारखं असतं. चूक सारखी असली, की समजायचं कोणी कोणाचं पाहिलं."

"भाट तेच करतो. पेशी दुभंगताना सहाशे कोटी अक्षरं उतरवून काढते. एकदोन चुका होतातच. त्या चुका पुढच्या पेशीत जातात, तिथे नव्या होतात. चुका जुळवत मागे गेलं, की पहिली पेशी कुठली होती ते सापडतं. दुधाच्या नळीतली की घामाच्या ग्रंथीतली. शिवाय पेशींच्या डीएनएवर रासायनिक खुणा असतात. पेशीने काय सोसलं, त्याची नोंदच म्हणा."

संमतीपत्रावर तीन चौकोन होते. तिसऱ्यापुढे लिहिलं होतं: तपासणीत अनपेक्षित माहिती आढळल्यास ती मला सांगावी. कुंदाबाईंनी तिथेही बरोबरची खूण केली. सवयीने केली. तीस वर्षं त्याच खुणा करत आल्या होत्या.

अकराव्या दिवशी निकाल आला. घर्मग्रंथीची गाठ, कॅन्सर नाही. स्वरूपा हुंदके देऊन रडली. मनोहरराव उठले, "चला," म्हणाले, पुन्हा खाली बसले, आणि थोड्या वेळाने पुन्हा "चला" म्हणाले.

ते गेल्यावर हेमांगीने अहवालाचं दुसरं पान उघडलं. त्या पानावर भाट गाठीची तुलना रुग्णाच्या रक्ताशी करून दोघांचं मूळ एकच असल्याचं लिहितो. ते पान कोणी वाचत नाही. कारण माणसाची गाठ त्याच माणसाची असणार, हे काय वाचायचं?

तिथे लिहिलं होतं: मूळ एक नाही.

माणसागणिक बदलणारी जी अक्षरं असतात, त्यांतली निम्मी जुळत होती, निम्मी नव्हती. आणि गाठीच्या पेशींत वाय गुणसूत्र होतं, जे फक्त पुरुषात असतं.

नमुन्यांची अदलाबदल झाली, असंच तिला आधी वाटलं. काहीतरी कारण सांगून तिने कुंदाबाईंना बोलावलं, स्वतःच्या हाताने पुन्हा सुई टोचली, स्वतः चिठ्ठी चिकटवली. तीन दिवसांनी भाटाने तेच सांगितलं. या वेळी ती पूर्ण अहवाल वाचत बसली, खुणांसकट, आणि वाचून झाल्यावर तिने टेबलावरचं पाणी पिऊन टाकलं.

तिसऱ्या चौकोनातली खूण तिच्यासमोर होती. तिने कुंदाबाईंना एकटंच बोलावलं.

"बाई, स्वरूपाच्या आधी तुम्हाला मुलगा झाला होता का?"

कुंदाबाईंनी पर्सची चेन लावली. ती लावलेलीच होती.

"झाला म्हणता येणार नाही," त्या म्हणाल्या. "गेलेलाच होता. पोटातच. दोन हजार तीन साली, मे महिन्यात. तुला कोणी सांगितलं?"

"गाठीने."

मग हेमांगीने हळूहळू सगळं सांगितलं. बाळ पोटात असताना त्याच्या काही पेशी वारेतून आईच्या रक्तात येतात. बहुतेक मरतात. काही आईच्या अंगात कुठेतरी रुजतात, तिथल्याच होऊन जातात. हे शास्त्रज्ञांना पन्नास-साठ वर्षांपासून माहीत आहे. कुंदाबाईंच्या छातीच्या कातडीत अशीच एखादी पेशी येऊन राहिली, घामाची ग्रंथी झाली, आणि अडतीस वर्षांनी तिची गाठ झाली.

"म्हणजे ही गाठ त्याची आहे."

"त्याच्या पेशींची."

 मग कुंदाबाईंनी जो प्रश्न विचारला, तो विचारू नये असं हेमांगीला सकाळपासून वाटत होतं.

"मेलेल्या बाळाच्या पेशी जिवंत कशा राहिल्या?"

"तो कधी गेला असं सांगितलं होतं तुम्हाला?"

"बाळंतपणाच्या तीन दिवस आधी."

हेमांगीने अहवाल फिरवून त्यांच्यासमोर ठेवला, पण बोट कुठेच ठेवलं नाही. "कळांच्या वेळी बाळाच्या अंगात संप्रेरकांचा पूर येतो. बाहेर येऊन श्वास घेता यावा म्हणून शरीराची तयारी असते ती. त्याची खूण पेशींवर राहते. जिवंत बाळाच्याच पेशींवर. ती खूण इथे आहे, बाई, आणि ठळक आहे. या पेशी तुमच्याकडे आल्या तेव्हा कळा सुरू होत्या आणि बाळ जिवंत होतं."

कुंदाबाईंनी तो कागद उचलला, घडी केली आणि पर्समध्ये ठेवला.

"तीन दिवस आधी माझ्या बहिणीचं लग्न होतं, वणीला," त्या म्हणाल्या. "मी पाहुण्यांचं पाहत होते. हळद, आंदण, जेवणं. तो हलायचा कधी थांबला, ते माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. असं मला वाटत आलं." त्या उठल्या. "अडतीस वर्षं मी ते तीन दिवस रोज मोजते, हेमांगी. सकाळी हलला होता का, दुपारी हलला होता का."

बाहेर मनोहरराव नव्हते. रिक्षा करून त्या एकट्याच घरी आल्या.

दुपारचे दोन वाजले होते. मनोहरराव खिडकीबाहेर उभे राहून कूलरच्या टाकीत बादलीने पाणी ओतत होते. कुंदाबाई आत गेल्या आणि त्यांनी कूलरचं बटण बंद केलं. घरभर भरलेला आवाज एकदम थांबला.

"काहून बंद केला?" मनोहररावांनी खिडकीतून विचारलं.

"आत या."

ते आले. हात कोपरापर्यंत ओले होते.

"तो जिवंत होता?"

कोण, असं मनोहररावांनी विचारलं नाही. कुंदाबाईंना उत्तर तिथेच मिळालं. ते दिवाणावर बसले आणि हातावरचं पाणी वाळेपर्यंत काही बोलले नाहीत. वाळायला फार वेळ लागला नाही.

"तुझी वार सुटली होती," ते म्हणाले. "रक्त थांबत नव्हतं. दवाखान्याची गाडी रक्त आणायला गेलेली. त्याला काढलं तेव्हा तो रडला नाही, पण छाती हलत होती. डॉक्टर बाहेर आले. म्हणाले, ऑक्सिजनचा सिलिंडर एकच आहे. दोघांना पुरणार नाही."

"आणि तुम्हाला विचारलं."

"नसतं विचारलं तर बरं झालं असतं. पण विचारलं." त्यांनी मान वर केली नाही. "तिला द्या, म्हटलं मी."

घरात उकाडा भरत चालला होता. कुंदाबाई उभ्याच होत्या.

"त्यांनी त्याला टॉवेलात गुंडाळून माझ्याजवळ दिला. मी बाहेर बाकावर बसलो. समोर भिंतीवर घड्याळ होतं. दोन तास दहा मिनिटं होता तो."

"आणि मला सांगितलं, की पोटातच गेला."

"तू तेव्हा मरता मरता वाचली होतीस. तुझ्याकरता त्याला सोडलं, हे सांगितलं असतं तर तू जगली नसतीस. नर्स म्हणाली, तीन दिवस आधीच गेला होता असं सांगा. मग कोणाचाच दोष राहत नाही."

"माझा राहिला."

मनोहररावांनी वर पाहिलं. वणीच्या लग्नातले तीन दिवस कुंदाबाईंनी पहिल्यांदा त्यांना सांगितले. थोडक्यातच सांगितले. ते ऐकत राहिले. त्यांच्या कपाळावरून घाम ओघळत होता आणि तो पुसायला त्यांचा हात उठत नव्हता.

"तू कधी बोलली नाहीस," ते म्हणाले.

"तुम्ही बोललात?"

मग कुंदाबाईंनी बाळाला कुठे पुरलं ते विचारलं. मनोहररावांनी सांगितलं, नाल्याच्या काठी, पळसाजवळ. पण आता तिथे काहीच नाही. कोळशाची खाण त्या बाजूला सरकली, नाला वळवला, आणि खाणीतून उपसलेल्या मातीचा डोंगर झाला. दहा-बारा वर्षांपूर्वी ते पाहून आले होते. एकटेच.

शस्त्रक्रियेची तारीख एप्रिलात होती. कुंदाबाई गेल्या नाहीत. मे महिन्यातही गेल्या नाहीत. साधी गाठ आहे, घाई नाही, असं त्या स्वरूपाला सांगत. ते खोटंही नव्हतं. पण हेमांगीने आणखी एक गोष्ट सांगितली होती, ती त्यांनी मुलीला सांगितली नाही: अशा गाठी राहू दिल्या तर थोड्या जणींत त्या पुढे बिघडतात.

मे महिन्यात गाठीला घाम येऊ लागला. ग्रंथी ती ग्रंथीच. दुपारी बाकी अंग कोरडं असलं तरी डाव्या बाजूला कातडीवर थेंब जमत आणि ब्लाउजवर रुपयाएवढा ओला डाग पडे. पहिल्यांदा तो डाग आरशात दिसला तेव्हा कुंदाबाई पलंगाच्या कडेला बसल्या. बाळंतपणाच्या तिसऱ्या दिवशी असाच डाग पडला होता. घरात बाळ नव्हतं, पण छातीला ते माहीत नव्हतं. सासूने जुनं धोतर फाडून छातीला घट्ट बांधलं होतं, चार दिवस.

आता त्या दिवसातून तीनदा ब्लाउज बदलू लागल्या. ओले ब्लाउज बाकीच्या कपड्यांत टाकत नसत, वेगळे धुवत. कोणी मिठी मारायला आलं तर उजवी बाजू पुढे करत. भाजी निवडताना मध्येच थांबत आणि मान थोडी खाली घालत. मनोहरराव ते दारातून पाहत आणि निघून जात. ते चहा करून आणत तेव्हा त्या कप घेत नसत. टेबलावर ठेवला की मग उचलत. त्यांचं बोलणं बंद झालं नव्हतं. दूध आलं का, वीजबिल भरलं का, असं रोज बोलत होते. फक्त त्यापलीकडे काही उरलं नव्हतं.

जूनमध्ये स्वरूपा आली आणि तिला सगळं कळलं. तिने आधी बापाला पोटाशी धरलं, मग आईशी भांडली.

"तो माझा भाऊ नाही, आई. गाठ आहे."

"मला माहीत आहे."

"मग काढून टाक न."

"काढून कुठे ठेवायची?" कुंदाबाईंनी विचारलं.

नागपूरला परत जाण्याआधी ती हेमांगीकडे गेली. शस्त्रक्रिया, धोका, टक्केवारी, सगळं विचारून झालं. उठता उठता म्हणाली, "एक विचारू? माझ्या पेशी सापडल्या का आईत?"

"गाठीत नाहीत. बाकी कुठे आम्ही पाहिलं नाही."

"असतील?"

"असू शकतात."

"पण दिसल्या नाहीत," स्वरूपा म्हणाली आणि हसली. ते हसू हेमांगीला आवडलं नाही.

जुलैत मनोहररावही तिच्याकडे आले. खुर्चीवर बसायला तयार नव्हते. "तुमचं ऐकेल ती," एवढंच म्हणाले. "माझं ऐकावं असं मी काही ठेवलं नाही." ते गेल्यावर हेमांगीने तिसऱ्या चौकोनाचा तो कागद पुन्हा काढून पाहिला. कायद्याने ती बरोबर होती. पण दोन म्हातारी माणसं एका घरात वेगवेगळी राहत होती, आणि ते तिच्या एका वाक्यानंतर सुरू झालं होतं.

ऑगस्टमध्ये गाठ लिंबाएवढी झाली. वरची कातडी ताणून लाल झाली. तपासायला मात्र कुंदाबाई न चुकता येत. त्या महिन्यात हेमांगीने पुन्हा सुई टोचली आणि भाटाने वंशावळीला फुटलेली नवी फांदी दाखवली. तिच्यात चुकांची गर्दी होती. त्या पेशी घाईने दुभंगत होत्या, शिस्त मोडून शेजारच्या पेशींत घुसत होत्या.

या वेळी तिने कुंदाबाई आणि मनोहररावांना एकत्र बोलावलं.

"बाई, इतके दिवस मी पेशी म्हणत होते आणि तुम्ही 'तो' म्हणत होतात. मी अडवलं नाही. आता अडवते. गाठ बिघडायला लागली आहे. अजून बाहेर पसरलेली नाही. पंधरा दिवसांत काढली तर तेवढ्यावर भागेल. नंतर माझ्या हातात काही नाही."

कुंदाबाईंनी पदर डाव्या बाजूला सारखा केला.

"त्याला माहीत नसेल न," त्या म्हणाल्या, "तो काय करून राहिला ते."

हेमांगीने दम घेतला. "नाही, बाई. त्याला काहीच माहीत नाही."

मग कुंदाबाई नवऱ्याकडे वळल्या. पाच महिन्यांत त्यांनी त्यांच्याकडे असं सरळ पाहिलं नव्हतं.

"आता सांगा. पुन्हा तेच विचारतात. कोणाला ठेवायचं?"

हेमांगीला वाटलं, हे विचारायला नको होतं. मनोहररावांचा चेहरा राखेसारखा झाला. पण त्यांनी वेळ लावला नाही.

"मी पुन्हा तेच म्हणेन," ते म्हणाले. "शंभरदा विचारलं तरी."

"माहीत आहे मला."

कुंदाबाईंनी हेमांगीकडे हात पुढे केला. "कागद दे. या वेळी सही मी करते."

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात शस्त्रक्रिया झाली. गाठ, तिच्याभोवतीची कातडी, स्तनाचा एक भाग आणि काखेतल्या दोन लसिकाग्रंथी काढल्या. कडा स्वच्छ निघाल्या, तिथे एकही बिघडलेली पेशी नव्हती. लसिकाग्रंथींत काही सापडलं नाही. केमो लागणार नव्हती. स्वरूपा पंधरा दिवस राहिली आणि रोज जखमेची पट्टी तिने स्वतः बदलली. एकदा पट्टी लावून झाल्यावर ती आईच्या उजव्या खांद्यावर डोकं टेकून बसली. कुंदाबाईंनी तिला खांद्याला धरून उठवलं आणि डाव्या बाजूला घेतलं. दुखलं, पण तिला तिथेच बसू दिलं.

जखम भरली. कुंदाबाई स्वयंपाक करू लागल्या, पेपर वाचू लागल्या. मात्र कधीकधी भाजी निवडताना त्या अजूनही थांबत, मान खाली घालत, आणि तिथे आता काही नाही हे आठवलं की पुन्हा हात चालवत. मनोहररावांना हे पाहणं आधीच्या दिवसांपेक्षा जड जात होतं.

ऑक्टोबरात त्या टाके दाखवायला गेल्या. सर्जनने सगळं ठीक आहे म्हटलं. तिथून त्या चौथ्या मजल्यावर हेमांगीकडे गेल्या.

"मला ते पाहायचं आहे," त्या म्हणाल्या.

हेमांगीला समजलं. असं कोणी मागत नाही, आणि दाखवू नये असाही नियम नाही. ती त्यांना मागच्या खोलीत घेऊन गेली. तिथे भिंतीभर लोखंडी कपाटं होती आणि प्रत्येकात लहान लहान खण. एका खणातून तिने सात चौकोनी मेणाच्या वड्या काढून टेबलावर मांडल्या. प्रत्येक वडीत मध्ये काहीतरी फिकट होतं, नखाएवढं.

"किती वर्षं राहतात या?"

"मेणात आहेत तोवर राहतात. शंभर वर्षांपूर्वीच्याही आहेत कुठेकुठे."

"वाढत नाहीत?"

"नाही. आता काही होत नाही त्यांना."

कुंदाबाईंनी एक वडी तळहातावर घेतली. तिला काही वजन नव्हतं. मनोहरराव दारात उभे होते, हातात बायकोची पर्स. ते आत आले नव्हते आणि त्यांना कोणी बोलावलंही नव्हतं.

"सगळ्या निघाल्या का त्याच्या?" कुंदाबाईंनी विचारलं.

हेमांगीने थोडा विचार केला. या वेळी कोणताही चौकोन नव्हता. "गाठ सगळी निघाली," ती म्हणाली. "बाकी अंगात एकटीदुकटी पेशी कुठे असेल, ते कोणी सांगू शकत नाही. यकृतात असेल, हाडांत असेल. बहुतेक सगळ्या आयांत असतात. आपल्या कामात असतात, त्रास देत नाहीत."

कुंदाबाईंनी मान हलवली. मग वडी परत ठेवताना त्यांचं लक्ष चिठ्ठीकडे गेलं. नमुना क्रमांक. आसुटकर कुंदा मनोहर, वय ६३, स्त्री. खाली एक रकाना होता, पेशींचं मूळ. इतर रुग्णांच्या चिठ्ठ्यांवर तिथे 'स्वतः' असं छापलेलं असे. इथे तो मोकळा होता.

"इथे काही लिहिलं नाहीस."

"काय लिहावं ते कळलं नाही, बाई. 'मुलगा' लिहिता येईल. नाव असेल तर नाव."

"नाव ठेवलंच नव्हतं."

"ठेवलं होतं," मनोहरराव दारातून म्हणाले.

दोघी वळल्या. त्यांनी पर्स दोन्ही हातांनी धरली होती.

"दोन तास होता तो माझ्याजवळ. काहीतरी म्हणून बोलायचं होतं न त्याच्याशी." त्यांचा आवाज फार लहान झाला होता. "मुकुंद म्हणत होतो. तुझं नाव येते त्यात."

कुंदाबाई त्यांच्याकडे पाहत राहिल्या. चेहऱ्यावर राग होता, आणि तो लपवायचा त्यांनी प्रयत्नही केला नाही.

"मला न विचारता," त्या म्हणाल्या.

थोड्या वेळाने त्या हेमांगीकडे वळल्या. "लिही. कु ला पहिला उकार. तुला चौथीत दुसरा द्यायची सवय होती."

हेमांगीने सातही चिठ्ठ्यांवर ते नाव लिहिलं. मनोहररावही आत आले आणि शाई वाळेपर्यंत तिघंही टेबलाशी उभी राहिली. मग तिने खण आत ढकलला.

घरी येईपर्यंत दुपारचे साडेबारा झाले होते. मनोहरराव बाहेरच्या खोलीत बसले. कुंदाबाई आत गेल्या, कुकर लावला, कणीक मळली. भाकरीऐवजी आज पोळ्या केल्या. ताटं घेतली. दोनच घेतली. मग ओट्याशी उभ्या राहून, हात पुसत, घरातल्या मोठ्या मुलाला जेवायला बोलावतात तशी, जरा वैतागलेली, त्यांनी हाक मारली.

"मुकुंद."

बाहेरच्या खोलीत मनोहररावांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला.

उत्तर यायचं नव्हतं, हे दोघांनाही माहीत होतं. तरी दोघंही आपापल्या जागी थोडा वेळ थांबली.